सावली चोख, वाफे अर्धवट : मांडव आणि गादीवाफ्यांच्या कामाचा सव्वा वर्षाचा अनुभव

बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या गल्लीच्या पंचमंडळींनी देवस्थानाच्या मोकळ्या जागेत शेडनेटचा एक मांडव आणि भाजीपाल्याचे चार गादीवाफे करून घेतले, त्याला आता सव्वा वर्ष होत आले. काम उद्यमबाग परिसरातील एका छोट्या वर्कशॉपला दिले होते. या अवधीत दोन उन्हाळे आणि एक पूर्ण पावसाळा या बांधकामावरून गेला असल्यामुळे त्याच्याविषयी अंदाजाने नव्हे, तर पाहून लिहिता येते. या वर्कशॉपला लोखंड आणि ऊन उत्तम कळते, माती मात्र कळत नाही, असे माझे मत झाले आहे.

मांडवाचे क्षेत्र वीस फूट बाय बारा फूट असून त्याचे २६,४०० रुपये झाले, म्हणजे चौरस फुटाला ११० रुपये. पत्र्याच्या शेडसाठी अन्य दोघांनी साधारण अडीचपट दर सांगितला होता, आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात दुपारी बसणे किती सुखाचे असते, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. चार वाफ्यांचे चिरे, मजुरी आणि माती धरून २८,००० रुपये झाले. मांडवाचे पैसे वसूल झाले असे मी निःसंकोच म्हणेन. वाफ्यांबद्दल तसे म्हणवत नाही.

पहिली भेट लक्षात राहण्यासारखी होती. वर्कशॉपचे मालक (त्यांना सगळे अण्णा म्हणतात, बोलणे निम्मे कन्नड, निम्मे मराठी) एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता मुद्दाम आले, जमिनीत आठ फुटी काठी रोवली आणि तिच्या सावलीच्या टोकाशी त्यांनी दगड ठेवला. सावली जवळजवळ दहा फूट पूर्वेला गेली होती. म्हणजे आठ फूट उंचीवर छत घातले, तरी चार वाजता त्याच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या भागात ऊन थेट आत येणार, हे तिथेच सर्वांना दिसले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि सावली छताच्या बरोबर खाली पडते. त्यामुळे बहुतेक कारागीर दुपारच्या हिशेबाने मांडव घालतात आणि संध्याकाळी लोक खुर्च्या सरकवत बसतात. अण्णांनी मांडवाची लांबी पूर्व-पश्चिम धरली, बसण्याचा कट्टा पूर्वेच्या बारा फुटांत घेतला, रोपांचा वाफा पश्चिमेच्या आठ फुटांत ठेवला आणि पश्चिमेच्या बाजूला वेलांसाठी बांबूची ताटी सुचवली. डिसेंबरात सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो आणि छताची सावली सुमारे साडेसहा फूट उत्तरेला सरकते, म्हणून मोकळे वाफे दक्षिणेला असावेत, हेही त्यांनीच सांगितले. गेल्या हिवाळ्यात मेथी, मुळा आणि कोथिंबीर चांगली आली, त्याचे निम्मे श्रेय मी या एका सूचनेला देतो.

पायाच्या बाबतीतही त्यांनी जागा पाहून निर्णय घेतला. वडगाव, शहापूर, येळ्ळूर हा पट्टा काळवट जमिनीचा आणि बासमती भाताचा. बळ्ळारी नाल्याला पूर आला की पाणी शेतात दिवसच्या दिवस तुंबते, ते आपण दरवर्षी पाहतो. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत दोन फुटांचा खड्डा पुरतो. येथे मात्र तीन फूट खणून, तळाशी मुरूम ठोकून मगच काँक्रीट ओतावे लागेल, नाहीतर दोन वर्षांत खांब कलतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि वाढीव खर्चही आधीच कागदावर लिहून दिला. सहाही खांब आजवर ओळंब्यात आहेत.

सांगाडा दीड इंची, दोन मिलिमीटर जाडीच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा आहे. जोड शक्यतो वेल्डिंगने न करता क्लॅम्प आणि नट-बोल्टने केले आहेत, आणि तेच योग्य आहे, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पाइपवरचा जस्ताचा थर जळतो आणि गंज नेमका जोडापासून सुरू होतो. ज्या चार ठिकाणी वेल्डिंग अटळ होते, तेथे मात्र झिंकयुक्त रंगाऐवजी साधा चंदेरी रंग मारून वेळ निभावली गेली. पहिला पावसाळा सरला तेव्हा त्या चारही जोडांवर तांबूस डाग उमटले होते. आम्ही घासून रंग दिला. डब्याची किंमत फार नव्हती, पण हे काम आमचे नव्हते.

नेट बांधण्याची पद्धत मला विशेष आवडली. नेट पाइपला कायमचे आवळून टाकलेले नाही. ताणलेल्या तारेवर प्लॅस्टिकच्या क्लिपांनी अडकवले आहे, त्यामुळे ते पडद्यासारखे गोळा करता येते. मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात एका बाजूच्या अकरा क्लिपा सुटल्या, नेट फडफडत राहिले, पण एकही पाइप वाकला नाही. क्लिपा आधी सुटाव्यात म्हणूनच तशा ठेवल्या आहेत, असे अण्णांनी नंतर फोनवर सांगितले, आणि गल्लीतल्या दोन पोरांनी तासाभरात नेट पुन्हा चढवले. जूनमध्ये आम्ही ते उतरवून ठेवतो, कारण पावसाळ्यात आधीच प्रकाश कमी असतो आणि भिजलेल्या नेटवर शेवाळ धरते. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. अथणीकडे तो याच्या निम्म्याच्या आसपास असल्यामुळे तिकडच्या लोकांनी नेट वर्षभर ठेवले तरी चालावे.

पहिली खरी चूक येथूनच सुरू होते. नेटवरचा टक्केवारीचा आकडा किती प्रकाश अडवला जातो ते सांगतो. माणसांना बसण्यासाठी ७५ टक्क्यांचे नेट ठीक, पण भाजीच्या रोपांना ३५ ते ५० टक्के पुरते. दोन वेगवेगळे रोल कापायला नकोत म्हणून की काय, पूर्ण मांडवावर ७५ टक्क्यांचेच नेट आले. त्याखालची मिरचीची आणि टोमॅटोची रोपे प्रकाशाच्या शोधात शेलाटी वाढली आणि फुलाला आलीच नाहीत. तक्रार केल्यावर वाफ्यावरचा भाग ५० टक्क्यांच्या नेटने बदलून मिळाला. मजुरी घेतली नाही, नेटचे पैसे घेतले; मला ते नेटही फुकट मिळायला हवे होते असे वाटते, पण पंचांनी वाद वाढवला नाही.

वाफ्यांविषयी जास्त लिहावे लागेल. जांभ्याच्या चिऱ्यांचे, आठ फूट बाय चार फूट आणि दीड फूट उंचीचे चार वाफे दिसायला देखणे आहेत. कडेवर शहाबादी फरशीची पट्टी बसवल्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आमच्या मावशी-काकू कडेवर टेकून खुरपणी करू शकतात, आणि दीड फुटांची उंची त्यासाठी नेमकी आहे. पण सिमेंटने चारही बाजू बंद करताना पाण्याला वाट ठेवलीच नाही. वाफ्याचा तळ जमिनीला उघडा आहे, तेव्हा पाणी खाली जिरेल, असा त्यांचा समज होता. तांबड्या जमिनीत ते जिरलेही असते. आमच्या काळवट जमिनीत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चारही वाफ्यांच्या टाक्या झाल्या आणि भेंडीची मुळे कुजली. खांबासाठी ज्याने ही जमीन ओळखली, त्यालाच वाफ्यासाठी ती ओळखू येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते. शेवटी गल्लीतल्या गवंड्याने तळाच्या थरात दर दीड फुटावर छिन्नीने भोके पाडली. माती काढून तळाशी खानापुरी कौलांच्या तुकड्यांचा चार इंचांचा थर घातला, तेव्हा कोठे पाणी हलले.

मातीचा हिशेबही कच्चा होता. एका वाफ्याचे आकारमान ४८ घनफूट, चारांचे १९२, म्हणजे साधारण दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट); आणि अगदी तेवढीच माती आली. सैल टाकलेली माती पाण्याबरोबर बसते, हे कोणताही शेतकरी सांगेल. दिवाळीपर्यंत ती चार इंच खाली गेली होती. शिवाय ती माती म्हणजे कोठल्या तरी घराच्या पायातली चिकट खोदमाती होती, तिच्यात विटांचे तुकडेही निघाले. आम्ही नंतर तांबडी माती, कुजलेले शेणखत आणि गिरणीतून आणलेले भाताचे तूस मिसळून भर घातली, तेव्हा हाताला ती भुसभुशीत लागू लागली.

कुंपणाच्या भिंतीला लागून असलेला वाफाही चार फूट रुंद केला आहे. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर चार फूट ठीक, पण एकाच बाजूने पोचायचे असेल तेव्हा दोन-अडीच फुटांच्या पुढे जाऊ नये. मागच्या दीड फुटात आता आम्ही दोडका आणि पडवळ लावतो, म्हणजे तिकडे वारंवार हात घालावा लागत नाही. ही युक्ती शेजारच्या आजींची आहे, वर्कशॉपची नव्हे.

बांबूच्या ताटीचे काम मात्र सुबक झाले. माणगा जातीचा भरीव बांबू वापरला असून तो थेट जमिनीत न रोवता, जमिनीपासून सहा इंच वर लोखंडी खुंट्यांवर बसवला आहे. बांबू मातीत गेला की दोन पावसाळ्यांत कुजतो, हे त्यांना चांगले माहीत होते. घेवड्याचा वेल ताटीवर चढला तेव्हापासून चारनंतरही कट्ट्यावर बसता येते.

वेळेच्या बाबतीत दहा दिवसांचे काम सतरा दिवस चालले. बिल आधी दिलेल्या अंदाजपत्रकापेक्षा एक रुपयानेही वाढले नाही, ही गोष्ट या व्यवसायात दुर्मीळ आहे आणि ती नोंदवलीच पाहिजे. हे वर्कशॉप कोणाला हवे असल्यास काम देताना नेटची टक्केवारी जागेनुसार वेगवेगळी लिहून घ्यावी, वेल्डिंगच्या जोडांवर झिंकयुक्त रंगाची अट घालावी आणि मातीचा विषय त्यांच्याकडे देऊच नये.

दिवाळीनंतर बालवाडीच्या अंगणात दुसरा मांडव घालायचे ठरले आहे. तो पंचांनी याच वर्कशॉपला दिला असून आगाऊ रक्कमही पोचती केली आहे. त्याच्या शेजारचे दोन वाफे गल्लीतला गवंडी बांधणार आहे, आणि पाण्याची भोके किती अंतरावर ठेवायची हे त्याला सांगण्याची गरज उरलेली नाही.