बारा शब्द कपाटात होते, तरी पैसे गेले

मेटामास्कसारखं ब्राउझरमधलं क्रिप्टो वॉलेट वापरायला लागलं की पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट कानावर पडते: बारा शब्द, म्हणजे वॉलेटची खरी किल्ली, कुणाला देऊ नका. मी ते कुणालाही दिलेले नाहीत. पेननं कागदावर लिहून कपाटातल्या फाइलमध्ये ठेवलेत. त्यांचा फोनमध्ये फोटो नाही, मेलमध्ये मसुदा नाही, नवऱ्यालाही फाइल कुठे आहे एवढंच माहीत. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये माझ्या वॉलेटमधले सगळे यूएसडीसी, म्हणजे डिजिटल डॉलर, गेले, आणि बारा शब्द आजही माझ्याकडेच आहेत. या चोरीला ते लागतच नाहीत.

मी नाशिकला घरून थ्रीडी ॲनिमेशनची कामं करते. परदेशातला एक क्लायंट पॉलिगॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवर यूएसडीसीत पैसे द्यायचा. हे सर्कल कंपनीचं, डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं. सट्ट्यात मला रस नव्हता, आजही नाही. भाव हलत नाही म्हणून हे नाणं चाललं. आधी पैसे एका एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर, पडून असायचे. मग जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर हॅकर्सनी सुमारे २३ कोटी डॉलरचा डल्ला मारला, लाखो लोकांचे पैसे अडकले, आणि जो तो सांगू लागला की पैसे एक्स्चेंजवर ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या. सल्ला खोटा नव्हता, अर्धवट होता.

वॉलेट मी नीट उभं केलं होतं. एक्स्टेन्शन सर्चमधून न शोधता मेटामास्क डॉट आयओ हा पत्ता हातानं टाइप करून तिथल्या दुव्यावरून घेतलं. त्यासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल केलं, ज्यात दुसरं एकही एक्स्टेन्शन नाही. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो म्हणून सांगते: रोज वॉलेट उघडायला जो पासवर्ड लागतो, तो फक्त त्या कॉम्प्युटरवरचं वॉलेट उघडतो. खरी मालकी बारा शब्दांत असते. ते २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडले जातात आणि त्यांच्या जोरावर जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर तेच खातं उघडता येतं, पासवर्ड न विचारता. हरवले तर कंपनीही परत देऊ शकत नाही, कारण ते तिच्याकडे नसतातच.

आता मूळ प्रकार. ४ सप्टेंबर २०२४ ला पॉलिगॉननं आपलं मॅटिक हे नाणं बदलून पोल केलं. पॉलिगॉनवर प्रत्येक व्यवहाराची फी, म्हणजे गॅस, याच नाण्यात भरावी लागते, म्हणून माझ्याकडे थोडे मॅटिक होते. वॉलेटमध्ये कुठे मॅटिक दिसतंय, कुठे पोल. माझ्या नाण्यांचं काय करायचं कळेना. सर्चमध्ये शोधलं, पहिलाच निकाल उघडला. तो ‘प्रायोजित’ होता, म्हणजे पैसे मोजून वर आणलेली जाहिरात. साइट हुबेहूब. तोच जांभळा रंग, तोच लोगो, ‘मायग्रेट’ असं मोठं बटण आणि कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ. वास्तविक पॉलिगॉन नेटवर्कवर असलेल्या मॅटिकचे पोल आपोआप, एकास एक, झाले होते. माझ्यासारखीला काहीही करायचं नव्हतं. इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कवर मॅटिक असणाऱ्यांना मात्र ते खरोखर बदलून घ्यावे लागणार होते. या टोळ्या नेमक्या अशाच बातमीची वाट बघतात: अर्धी खरी, सगळ्यांना लागू असल्यासारखी, आणि मुदत संपेल अशी भीती घालता येईल अशी.

वॉलेट जोडलं. नुसतं जोडण्यानं पैसे जात नाहीत, साइटला फक्त आपला पत्ता आणि शिल्लक दिसते. पण तिथेच तिला कळलं की मॅटिक किरकोळ आहेत आणि यूएसडीसी भरपूर. पुढची खिडकी आली ती सहीची, म्हणजे वॉलेटमध्ये बटण दाबून संमती देण्याची.

या खिडकीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळं इथेच घडतं. चांगल्या, खऱ्या साइटसुद्धा लॉगिनसाठी वॉलेटकडून सही मागतात. त्याला गॅस लागत नाही, पैसे हलत नाहीत. त्यामुळे ‘गॅस नाही म्हणजे धोका नाही’ असं आपल्या डोक्यात बसतं. पण यूएसडीसीसह बऱ्याच नाण्यांना ‘परमिट’ नावाची सोय असते. मालकानं एक मजकूर सही करून दिला की त्यात ज्याचा पत्ता लिहिलेला आहे तो माणूस मालकाच्या खात्यातून नाणी उचलू शकतो. सोय चांगल्या हेतूनं केलेली आहे, वापरणाऱ्याला परवानगीचा वेगळा गॅस भरावा लागू नये म्हणून. चोराच्या हातात मात्र तो रकमेची जागा मोकळी ठेवून सही केलेला चेक होतो. खिडकीत ‘स्पेंडर’, म्हणजे पैसे उचलणारा, म्हणून एक अनोळखी पत्ता होता, आणि ‘व्हॅल्यू’पुढे ११५७९२०८९२ असा सुरू होणारा लांबलचक आकडा. तो ७८ अंकी असतो आणि त्याचा अर्थ एवढाच की कितीही उचला. आता वॉलेटच्या नव्या आवृत्त्यांत तिथे ‘स्पेंडिंग कॅप’ आणि ‘अनलिमिटेड’ असं स्पष्ट लिहून येतं. धोक्याची सूचनाही येते, पण साइट अगदी ताजी असेल तर ती अजून कुणाच्या यादीत नसते आणि सूचना येत नाही.

मी सही केली, साइटवर ‘यशस्वी’ असा हिरवा टिकमार्क आला. वॉलेटच्या व्यवहारांच्या यादीत काहीच दिसेना, आणि दिसणारही नव्हतं. मी व्यवहार केलाच नव्हता, फक्त सही दिली होती. व्यवहार चोरानं केला, त्याच्या खात्यातून, स्वतःचा गॅस भरून.

शिल्लक शून्य दिसली तेव्हा आधी वाटलं नेटवर्क चुकून बदललंय. मग पॉलिगॉनस्कॅनवर माझा पत्ता टाकला. ही साइट सगळ्यांसाठी खुली असते, त्या साखळीवरचा, म्हणजे ब्लॉकचेनवरचा, प्रत्येक व्यवहार तिथे दिसतो. माझे यूएसडीसी एकाच फटक्यात दोन पत्त्यांवर गेले होते, एकीकडे मोठा वाटा, दुसरीकडे लहान. ही वाटणी असते. पैसे उडवणारी ही सॉफ्टवेअर, ज्यांना ड्रेनर म्हणतात, भाड्यानं मिळतात. इन्फर्नो ड्रेनर नावाचं जे कुप्रसिद्ध होतं, त्याचे चालक लुटीतले २० टक्के ठेवून घ्यायचे. बनावट साइट उभी करून जाहिरात देणारा वेगळा, हत्यार पुरवणारा वेगळा.

त्याच आठवड्यात क्लायंटचा पुढचा हप्ता आला आणि काही मिनिटांत तोही गेला. तेव्हा मी घाबरून पुण्यातल्या चुलतभावाला फोन केला, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी खात्री झाली होती की बारा शब्द फुटलेत. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “पोल आहेत का अजून?”

“आहेत की. तेवढेच राहिलेत.”

“मग शब्द फुटलेले नाहीत गं. ते फुटले असते तर पोल कशाला सोडले असते त्यांनी? तू यूएसडीसीला कसली तरी परवानगी देऊन बसली आहेस.”

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. शब्द फुटले की सगळंच जातं. चोरांचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, खात्यावर नजर ठेवून असतात आणि गॅससाठी टाकलेले चार पैसेही क्षणात उचलतात. तसं असेल तर ते खातं कायमचं सोडून, नवे बारा शब्द घेऊन नवं वॉलेट करायचं. पासवर्ड बदलून काही होत नाही. पण एकच नाणं गेलं आणि बाकी जागच्या जागी असेल तर उघडी परवानगी आहे असं समजा. ती आपोआप संपत नाही. दादानं रिव्होक डॉट कॅश या परवानग्या दाखवणाऱ्या आणि रद्द करू देणाऱ्या साइटवर माझा पत्ता टाकून दाखवला: यूएसडीसीपुढे तोच अनोळखी स्पेंडर, मर्यादा ‘अनलिमिटेड’. ती रद्द करायला थोडा गॅस लागला, तेवढे पोल चोरांच्या कृपेनं शिल्लक होते. पॉलिगॉनस्कॅनवरही परवानग्या तपासायची सोय आहे.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली वेगळ्या छोट्या यंत्रात ठेवणारं वॉलेट, घ्या असं नंतर अनेकांनी सुचवलं. बारा शब्द कॉम्प्युटरबाहेर राहतात हा त्याचा फायदा खरा आहे. पण परमिटवर सही त्या यंत्राचं बटण दाबूनही होते, आणि तेव्हा पैसे तितकेच जातात. मला त्यापेक्षा दोन खाती हा उपाय पटला: एक पैसे ठेवायचं, जे कुठल्याही साइटला कधीच जोडायचं नाही, आणि दुसरं वापरायचं, ज्यात गरजेपुरतंच असतं. साइट उघडायची ती बुकमार्कवरून, जाहिरातीवरून कधीच नाही.

नवं खातं केल्यावर आणखी एक प्रकार दिसला. यादीत शून्य रकमेचा एक व्यवहार आपोआप आला, आणि त्यातला पत्ता माझ्या एक्स्चेंजच्या पत्त्यासारखा: सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं तीच, मधली वेगळी. पुढच्या वेळी आपण यादीतून पत्ता कॉपी करू, या आशेवर हे पेरून ठेवतात. मे २०२४ मध्ये एकानं अशाच जुळ्या पत्त्यावर ११५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनच्या भावाला बांधलेलं नाणं) पाठवले होते, तेव्हाच्या भावानं सुमारे ६.८ कोटी डॉलर. त्याला बरेचसे परत मिळाले, पण त्या भरवशावर राहू नका. पत्ता मधूनही वाचून बघा.

मदतीसाठी टेलिग्रामवर प्रश्न टाकल्याबरोबर तीन ‘सपोर्ट’वाले खासगीत आले. एकानं ‘वॉलेट व्हॅलिडेट करा’ म्हणून फॉर्म पाठवला, त्यात बारा रिकाम्या चौकटी. दुसरा हिंदीत, ‘मॅडम, टेन्शन मत लीजिए’, गेलेले पैसे परत आणतो म्हणाला, फक्त दहा टक्के आधी. एकदा लुटलेला माणूस पुन्हा लुटायला सोपा, हा या लोकांचा अनुभव असणार. साखळीवरचा व्यवहार उलटवता येत नाही. सर्कलसारखी कंपनी कायदेशीर आदेशावरून एखादा पत्ता गोठवू शकते, पण चोर यूएसडीसी लगेच दुसऱ्या नाण्यात बदलून टाकतात. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर होते. बँकेचे पैसे गेले असतील तर लवकर फोन केल्यावर समोरचं खातं गोठू शकतं. इथे समोर बँकच नसते, म्हणून कागद पक्के हवेत. व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक), आपला पत्ता, चोराचे सगळे पत्ते आणि वेळ लिहून द्या, नुसते स्क्रीनशॉट देऊ नका, कारण त्यातून एवढे लांब पत्ते कुणी टाइप करत बसणार नाही. बनावट साइटचा पूर्ण पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत असतो. तो आधी काढून ठेवा आणि तोवर हिस्टरी साफ करू नका. साइट पुन्हा उघडायला जाऊ नका. माझी तक्रार नोंदवेपर्यंत ती बंदही झाली होती.