भोक लाकडाला पाडायचंय, ड्रिल मशीनला बिट कोणता घ्याल?

आधी एक बाजूला काढा: टोकावर जाडसर पाचर बसवलेला बिट. तो भिंतीचा. लाकडात तो कापत नाही, नुसता घासतो आणि भोक करपतं.

नुसता स्क्रू बसवायचा असेल तर साधा ट्विस्ट, म्हणजे पिळाचा बिट पुरतो. 4 मिमीच्या स्क्रूला प्लायमध्ये 2.5 ते 3 मिमीचं भोक पाडा. सागाच्या कडेजवळ तर पाडाच, नाहीतर फळी चिरते. खोट एवढीच, की गुळगुळीत पृष्ठभागावर याचं टोक सरकतं. खिळ्यानं आधी खूण ठोकली की झालं.

फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या (डॉवेल) बसवायच्या असतील, किंवा भोक उघड्यावर दिसणार असेल, तर ब्रॅड पॉइंट. मधलं अणकुचीदार टोक जागा धरून ठेवतं आणि कडेचे दोन दात आतलं लाकूड निघण्याआधी रेषा कापून घेतात, त्यामुळे काठ स्वच्छ येतो. ट्विस्टपेक्षा महाग, धार लावायलाही कटकटीचा. तरी 8 मिमीच्या खुंटीसाठी मी दुसरा बिट हातात घेत नाही.

खरा गोंधळ मोठ्या भोकांचा. स्पेड, म्हणजे चपटा बिट, स्वस्त आणि झपाट्यानं काम करणारा. टीव्ही युनिटच्या मागून वायर काढायला उत्तम. टोक पलीकडे दिसलं की थांबायचं आणि उरलेलं उलट बाजूनं पाडायचं, म्हणजे कपच्या उडत नाहीत. पण ऑटो हिंजच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या आपोआप मिटणाऱ्या बिजागरीच्या, 35 मिमी रुंद खड्ड्याला तो नकोच. दार 18 मिमीचं, खड्डा साधारण 12 मिमी खोल. खाली उरतात 6 मिमी आणि स्पेडचं टोक त्याहून लांब. चार पैसे वाचवायला मी हे करून बसलोय. सनमायकातून टोक बाहेर आलं, आणि कपाटाच्या त्या दारावर आजही एक टिकली चिकटवलेली आहे.

तिथे फॉर्स्टनर लागतो. त्याचं टोक आखूड, तळ सपाट, आणि भोवतालची गोल कड भोकाचा काठ स्वच्छ कापणारी. मात्र मशीन सावकाश चालवा आणि भुसा काढायला मधूनमधून बिट वर घ्या. एमडीएफमध्ये (लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेल्या फळीत) तो लवकर तापतो. खोलीसाठी बिटवर चिकटपट्टी गुंडाळली तरी भागतं.

घरच्या कामाला 6, 8 आणि 10 मिमीचे ब्रॅड पॉइंट आणि 35चा एक फॉर्स्टनर घ्या. ट्विस्ट बहुधा घरात असतातच. स्पेड शेजाऱ्याकडून मागून आणला तरी चालेल.