नॉयश्वानस्टाइन: पुलावरून बघायचा की डोंगर चढून?

जर्मनीतल्या बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइन राजवाड्याचा एक फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पांढरे मनोरे, खाली खोल दरी, मागे सपाट मुलूख आणि तळी. हा फोटो जवळजवळ नेहमी एकाच जागेवरून काढलेला असतो, ती म्हणजे मारिएनब्र्यूके हा लोखंडी पूल. त्यामुळे उन्हाळ्यात तिथे पोचलेल्या माणसाला राजवाड्याच्या आधी दिसते ती पुढच्याची पाठ. मग कोणीतरी सांगतं, की पूल ओलांडला की एक वाट डोंगरात वर जाते, तिथून निवांत बघता येतं.

सांगणारा खोटं बोलत नाही. पण ती वाट खडी आहे, आणि शांतपणे राजवाडा बघायचा तो एकच मार्गही नाही. शिवाय सगळा डोंगर चढलात तर राजवाडा जास्त चांगला दिसेल, हा समज चुकीचा आहे. तेव्हा चपला बदलण्याआधी पर्याय नीट समजून घेतलेले बरे.

आधी पूल

पुलाची बाजू उचलून धरावी असं त्यात बरंच आहे. प्योलाट नदीच्या घळीवर सुमारे 90 मीटर उंचीवर हा पूल टांगल्यासारखा आहे. बव्हेरियाचा राजा माक्सिमिलियन दुसरा याच्या राणीचं, मारीचं नाव त्याला दिलेलं आहे. आधी तो लाकडी होता. तिच्या मुलाने, लुडविग दुसरा याने 1866 मध्ये तो लोखंडी करून घेतला. राजवाडाही त्याचाच, पण त्याची पायाभरणी झाली 1869 मध्ये. म्हणजे पूल आधीचा आणि राजवाडा नंतरचा. पुलावरून राजवाडा इतका बेतून ठेवल्यासारखा दिसतो तो उगाच नाही.

पायथ्याच्या होहेनश्वानगाऊ गावातून राजवाड्यापर्यंत चढाचा रुंद, पक्का रस्ता आहे. चालत अर्धा-पाऊण तास लागतो. तिथून पूल पंधरा मिनिटांवर. चढायचं नसेल तर बस वर युगेंड नावाच्या थांब्यापर्यंत सोडते, तिथून पूल काही मिनिटांवर. बाहेरून बघायला तिकीट लागत नाही. लहान मुलं, आजी-आजोबा, साधे बूट घातलेली माणसं, सगळ्यांना हे जमतं. अडचण एकच, ती गर्दीची. या राजवाड्याला वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक येतात, 2025 मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही जागा मिळाली, आणि पूल मात्र आहे तेवढाच अरुंद राहणार. हिवाळ्यात बर्फ साचला की तो बंदच करतात.

तरी एक गोष्ट लोक विसरतात. पुलावरची गर्दी घड्याळावर चालते. सकाळी आठच्या आत पोचलात तर बऱ्याचदा पुलावर मोजकीच माणसं असतात. मुक्काम जवळच्या फ्युसेन शहरात किंवा गावातच असेल तर लवकर उठणं हा सगळ्यात स्वस्त आणि गुडघ्यांना न दुखवणारा उपाय आहे. म्युनिकहून दिवसाच्या सहलीवर येणाऱ्याला मात्र हे अवघड आहे. रेल्वेने फ्युसेनपर्यंतच दोन तास जातात, पुढे बस. तो पुलावर येतो तेव्हा बाकी सगळेही आलेले असतात. चढणीच्या वाटेचा खरा फायदा आहे तो या माणसाला.

पुलापलीकडची वाट

पूल ओलांडला की रुंद रस्ता संपतो आणि टेगेलबर्ग डोंगराकडे जाणारी पायवाट सुरू होते. दगड, झाडांची मुळं, आणि वळणावळणाने अंगावर येणारी चढण. पाच-दहा मिनिटांतच पुलावरचा गलका मागे पडतो. बहुतेक लोक फोटो काढून परत फिरतात, त्यामुळे इथून पुढे भेटतात ते बूट आणि काठ्या घेतलेलेच.

राजवाडा दिसतो तो थेट पुलावरून दिसतो तसा नाही. तुम्ही त्याच्यापेक्षा उंचावर, थोडे पूर्वेला सरकलेले असता. छपरं, मनोऱ्यांची टोकं, आतलं अंगण वरून दिसायला लागतं. आणखी वर झाडी मोकळी झाली की पलीकडे आल्पझे तळं दिसतं आणि त्याच्या अलीकडे पिवळा होहेनश्वानगाऊ किल्ला. हा किल्ला माक्सिमिलियनने 1833 ते 1837 या काळात जुन्या पडक्या गढीच्या जागी बांधून घेतला. लुडविगचं लहानपण तिथेच गेलं. बापाचा किल्ला खाली, मुलाचा त्याच्या डोक्यावर, आणि दोन्ही एका नजरेत. पुलावरून हे दिसत नाही. माझ्या मते या वाटेवर जाण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे, शांतता दुसऱ्या नंबरावर.

आता मोजमाप. राजवाडा समुद्रसपाटीपासून 965 मीटरवर आहे, आणि वाट ज्या टेगेलबर्गच्या माथ्यावरच्या उपाहारगृहाजवळ संपते ते 1,700 मीटरच्या थोडं वर. पुलापासून पुढे चढण 700 मीटरच्या आसपास, वेळ साधारण अडीच तास, दमाने गेलात तर तीन. सह्याद्रीत नेमाने फिरणाऱ्यांचा दम इथे कमी पडणार नाही. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टींनी. पावसानंतर मुळं आणि चुनखडीचे दगड चांगलेच निसरडे होतात, वरच्या भागात वाट अरुंद होऊन एका बाजूला दरी लागते, काही ठिकाणी आधाराला तारेचा दोर आहे, आणि मे महिन्यातही आडोशाला बर्फ शिल्लक असू शकतो. ज्याला कड्याच्या काठाने चालताना घेरी येते त्याने वरचा टप्पा धरू नये, कितीही तंदुरुस्त असला तरी.

पण राजवाड्यासाठी म्हणून जात असाल तर वरचा टप्पा लागतही नाही. चांगलं दर्शन आहे ते पुलापासून पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात. त्यानंतर राजवाडा लहान होत जातो, झाडीआड जातो, आणि वाट आल्प्सची होते. ती स्वतःच्या जोरावर सुंदर आहे, तिला राजवाड्याची गरज नाही. म्हणून ठरवतानाच स्वतःला विचारा, मी किल्ले बघायला चाललोय की डोंगर चढायला? पहिलं असेल तर पाऊण तास चढा, मनसोक्त बसा, आल्या वाटेने उतरा.

एक इशारा. पुलाच्या आसपास मुख्य वाट सोडून कड्याच्या टोकांकडे गेलेल्या चोरवाटा दिसतात. फोटोंमध्ये पाय लोंबकळत सोडून बसलेली माणसं दिसतात ती तिथलीच. खाली सरळ घळ आहे आणि माती भुसभुशीत. खुणा असलेली वाट सोडण्यासारखं तिथे काहीच नाही. हा सगळा भाग संरक्षित निसर्गक्षेत्रात येतो, ड्रोन उडवायलाही मनाई आहे.

रोपवेने वर, पायी खाली?

हा बेत कागदावर हुशारीचा वाटतो. टेगेलबर्गचा रोपवे माथ्यावर सोडतो, मग उताराने पुलापर्यंत यायचं. घाम नाही आणि दृश्य सगळं. मला तो पटत नाही. खड्या, ओल्या वाटेवर चढण्यापेक्षा उतरणं कठीण असतं. गुडघे तापतात आणि पाय घसरतात ते उतरताना. वर उतारावर नजर पायाखाली ठेवावी लागते आणि राजवाडा समोर येतो तोवर पाय थकलेले असतात. उलटं करा: पुलाकडून चढा, रोपवेने उतरा. खालचं स्थानक होहेनश्वानगाऊपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या सपाट चालीवर आहे. मात्र वारा, वादळ किंवा देखभाल असली की रोपवे बंद असतो, आणि शेवटची फेरी चुकली तर पायी उतरण्यावाचून इलाज नाही. सकाळी निघण्याआधी तो चालू आहे ना, एवढं बघाच.

नुसतं रोपवेने जाऊन यायचं असेल तर तेही चालेल, पण मग किल्ल्यांची अपेक्षा ठेवू नका. माथ्यावरून मिळतं ते तळ्यांचं मैदान, पॅराग्लायडर आणि मागे आल्प्सच्या रांगा.

आणि रोपवेच्या खालच्या स्थानकापासून चढणारी वाट ही वेगळी वाट आहे. ती त्याच माथ्यावर जाते, पण राजवाड्याच्या डोक्यावरून जात नाही. नकाशात दोन्ही जवळ दिसतात म्हणून गल्लत होते.

न चढता शांतता

चढण नको आणि गर्दीही नको, अशांसाठी दोन जागा आहेत.

आल्पझे तळ्याभोवती जवळपास 5 किलोमीटरची फेरी आहे. उत्तर काठावर पिंडारप्लाट्झ नावाचा खडक पाण्यावर पुढे आलेला आहे. तिथून हिरवं-निळं पाणी आणि पलीकडे किल्ले. नॉयश्वानस्टाइन इथून लांब आणि लहान दिसतो, पुलासारखा अंगावर येत नाही. पण संध्याकाळी, बसगाड्या निघून गेल्यावर, इथे बसायला मिळणं मला पुलावरच्या दहा मिनिटांपेक्षा मोलाचं वाटतं.

दुसरी जागा फ्युसेनची कालवारियनबर्ग टेकडी, 953 मीटर. ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेची छोटी देवळं लागत लागत वाट चढते, माथ्यावर तीन क्रूस. एका बाजूला फ्युसेन शहर, दुसऱ्या बाजूला जंगलापलीकडे दोन्ही किल्ले. चढ आहे, पण थोडका. किल्ल्यांचा जवळून फोटो हवा असेल तर ही जागा निराश करेल.

उजेड आणि तिकीट

पुलावर ऊन दिवसाचा बराच वेळ तुमच्या पाठीशी असतं, कारण तुम्ही दक्षिणेकडून बघता. वरच्या वाटेचं तसं नाही. तिथून तुम्ही पश्चिमेकडे बघता, म्हणून सकाळचं ऊन राजवाड्यावर पडतं आणि दुपारनंतर तोच सूर्य डोळ्यांवर येतो. उन्हाळ्यात दुपारी आल्प्समध्ये गडगडाटी पाऊसही ठरलेला. दोन्ही कारणांनी ही वाट सकाळची.

इथे तिकिटाची अडचण येते. राजवाड्याच्या आत फक्त मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, जेमतेम अर्धा तास, आणि तिकिटावर छापलेली वेळ चुकली तर तिकीट वाया. आत फोटो काढता येत नाहीत. सकाळी दहाचं तिकीट आणि त्याआधी चढण, असा बेत केला तर सगळी वाट घड्याळ बघत चढाल. चढायचंच असेल तर तिकीट दुपारी उशिराचं घ्या.

फोटोत मागे दिसणारं मोठं तळं, फॉर्गेनझे, हे खरं तर लेश नदीवरच्या धरणाचा 1950 च्या दशकातला जलाशय आहे. हिवाळ्यात त्यातलं पाणी सोडतात आणि तो उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरतो. एप्रिलमध्ये गेलात तर तळ्याच्या जागी करडा चिखल दिसेल. जून ते सप्टेंबर गर्दीचे महिने खरे, पण तळं भरलेलं असतं आणि वाटही बहुधा कोरडी. माझी पसंती सप्टेंबरला: वादळं कमी, हवा स्वच्छ.

मग कोणी काय करावं

मुलं लहान असतील, सोबत वयस्कर मंडळी असतील किंवा पायात शहरी बूट असतील तर पूल, तोही सकाळी लवकर, आणि उरलेला दिवस आल्पझे. पावसाळी दिवस असेल तर कोणीही असा, हेच. मुक्काम न करता म्युनिकहून येणार असाल आणि चालायची सवय असेल तर पूल झटपट ओलांडा आणि वरच्या वाटेचा पाऊण तास चढा. ऊन थोडं कलायला लागलेलं असेल, पण दोन्ही किल्ले एकत्र बघायला मिळतील. पुरा दिवस हाताशी असेल, हवामानाचा अंदाज चांगला असेल आणि उंचीची भीती नसेल, तर सकाळी सातला गावातून निघून माथा गाठा आणि रोपवेने खाली या.

या शेवटच्या बेतासाठी घोट्याला आधार देणारे बूट, दीड-दोन लिटर पाणी आणि पावसाचं जाकीट लागेल. प्रवासविम्यात डोंगरातून सुटका करण्याचा खर्च धरलाय का तेही तपासा, कारण तो अंगावर येऊ शकतो. मदतीसाठी नंबर 112. फोन लागत नसेल तर आल्प्समधली खूण ठरलेली आहे: शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा वेळा इशारा, मग एक मिनिट थांबायचं, आणि पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं.