क्लाउड फायरवॉल: कोकणातल्या लाइनवर कोणता टिकतो

फायरवॉल म्हणजे कार्यालयाचे नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणारा डबा. त्याच्या डेटाशीटवरचा सर्वांत मोठा आकडा आधी पेनाने खोडावा. फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट ६०एफच्या कागदावर १० जीबीपीएस छापलेले असते. तो वेग काहीही न तपासता पाकिटे पुढे ढकलण्याचा. आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी यंत्रणा), अँटिव्हायरस, अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल चालू केले की त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात दिलेला ७०० एमबीपीएस खरा. धाकट्या ४०एफचा तो आकडा ६००. एचटीटीपीएस उघडून तपासायला लावले तर त्याहून कमी. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या धंद्याकडे येते ती लाइन सहसा १०० ते ३०० एमबीपीएसची, तेव्हा वेगावर इथे कोणी नापास होत नाही. नापास होतात ते दोन प्रश्नांवर: लाइन तुटली तर काय, आणि लायसन्स संपले तर काय.

हा आढावा तीन प्रकारच्या गिऱ्हाइकांसाठी आहे: चार-पाच शाखांची पतसंस्था, कुडाळ किंवा मिरजोळे एमआयडीसीतला प्रक्रिया कारखाना आणि मालवण-तारकर्लीकडचे वीस-तीस खोल्यांचे हॉटेल. एक गैरसमज आधी दूर करू. क्लाउडवरून चालणारा फायरवॉल म्हणजे आपला सगळा ट्रॅफिक कंपनीच्या सर्व्हरवरून फिरतो असे नाही. क्लाउडवर असतात ती सेटिंग्ज, लॉग आणि फर्मवेअरचे वेळापत्रक. क्लाउडशी संपर्क तुटला तरी डबा शेवटच्या सेटिंगवर चालत राहतो. फरक पडतो तो अशा वेळी सेटिंग बदलायची झाली तर, आणि नेमका तिथेच मेराकी बाकीच्यांपासून वेगळा निघतो.

सिस्कोचा मेराकी एमएक्स६७ हा वापरायला सगळ्यांत सोपा, यात वाद नाही. डॅशबोर्ड स्वच्छ आहे. दोन शाखांमधला व्हीपीएन (इंटरनेटवरून काढलेला खासगी बोगदा) चार क्लिकमध्ये उभा राहतो आणि एका बाजूला सीजीनॅट (एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटणे) असले तरी बहुधा जुळतो, कारण दोन्ही डबे क्लाउडमधल्या रजिस्ट्रीला विचारून एकमेकांची वाट शोधतात. फोरजी-फाइव्हजीवर आणि गावातल्या केबलवाल्याच्या नेटवर पब्लिक आयपी मिळणे दुर्मीळ, त्यामुळे ही सोय खरोखर उपयोगी आहे. दोन्ही टोकांना कडक नॅट आले तर मात्र हाही अडतो. म्हणून मुख्य कार्यालयात स्टॅटिक आयपीची लाइन घ्यावीच.

पण नेट गेलेले असताना मेराकीच्या लोकल पानावर मिळते ती फक्त वॅन पोर्टची (बाहेरची लाइन जोडायच्या पोर्टची) सेटिंग आणि थोडी स्थिती. नियम, व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग), पोर्ट फॉरवर्ड यांतले काही बदलता येत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. एकाच तारखेला सगळी लायसन्स संपण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते आणि मग डबा ट्रॅफिक अडवतो. नुसते अपडेट बंद होत नाहीत, नेटच बंद. नूतनीकरणाची मंजुरी संचालक मंडळाच्या पुढच्या सभेवर ढकलणाऱ्या संस्थेने हा डबा घेऊ नये. सध्या कोणत्या लायसन्स पद्धतीत विकत आहात, हे डीलरकडून लेखी घ्यावे.

लाइन बदलण्यातही मेराकी संथ आहे. केबल उपसली तर लगेच दुसऱ्या लाइनवर जातो. पण ओएनटीचा (फायबर जोडलेल्या मोडेमचा) दिवा हिरवाच आहे आणि पुढे महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली आहे, अशा वेळी लाइन मेली हे ठरवायला त्याला पाच मिनिटांपर्यंत लागतात. कोकणात लाइन जाते ती बहुतेक वेळा अशीच जाते. हॉटेलला पाच मिनिटे चालतील, काउंटरवर रांग असलेल्या शाखेला नाही.

फोर्टिगेट इथे सरस ठरतो. त्याच्या एसडी-वॅन हेल्थ चेकमध्ये (लाइन जिवंत आहे का हे तपासणाऱ्या सोयीत) मुळात दर ५०० मिलिसेकंदांनी चाचणी आणि सलग पाच अपयशांनंतर लाइन बाद, अशी सेटिंग असते. म्हणजे सुमारे अडीच सेकंद. पावसात हेलकावे खाणाऱ्या फोरजी लाइनवर ही घाई उलटते: लाइन मिनिटाला दोनदा आत-बाहेर होते आणि व्हीपीएन प्रत्येक वेळी नव्याने बांधला जातो. म्हणून अंतर एक सेकंद, अपयशे दहा आणि परत घेण्याआधीची यशस्वी उत्तरे तीसच्या आसपास ठेवावीत. चाचणीचे पत्ते दोन वेगवेगळ्या मालकांचे द्यावेत, उदाहरणार्थ ८.८.८.८ आणि १.१.१.१. सेवादात्याच्या गेटवेला (आपली लाइन पहिल्यांदा पोचते त्या यंत्राला) पिंग लावून ठेवणे ही सर्रास होणारी चूक. गेटवे असतो चिपळुणात नाहीतर रत्नागिरीत आणि फायबर तुटते त्याच्या पुढे, त्यामुळे पिंग सुखेनैव चालू राहतो आणि नेट मात्र नसते. सोफोसमध्ये डीफॉल्ट नियमच गेटवेला पिंग करणारा असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा.

फोर्टिगेटचे लायसन्स संपले तर डबा चालत राहतो, अपडेट थांबतात. यात एक खाच आहे. वेब फिल्टर चालू असेल तर साइटचे वर्गीकरण मिळेनासे होते आणि ‘रेटिंग न मिळाल्यास साइट उघडू द्या’ हा पर्याय बंद असल्यास एकूण एक साइट अडते. मग नेट गेले म्हणून दिवसभर बिचाऱ्या लाइनमनला फोन. दुसरी तक्रार मेमरीची. ४०एफ आणि ६०एफमध्ये २ जीबी रॅम आहे. फोर्टिओएस ७.४.४ पासून २ जीबीच्या डब्यांवर प्रॉक्सीवर चालणाऱ्या सोयी काढून टाकल्या गेल्या, आणि ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोड सर्वच मॉडेलांवरून गेला. आज नवा घेत असाल तर ४ जीबीच्या मॉडेलचा भाव मागा आणि घरून काम करणाऱ्यांना सुरुवातीपासून आयपीसेकवर (व्हीपीएनच्या दुसऱ्या पद्धतीवर) ठेवा. एसएसएल व्हीपीएनमधल्या भोकांनी अलीकडच्या वर्षांत जगभर इतके उपद्व्याप केले आहेत की ते गेल्याचे दुःख नको.

फोर्टिगेटचा क्लाउड पोर्टल मेराकीच्या मानाने किचकट. नियम कसे चालतात हे कळणारा माणूस लागतोच. पण सगळे नियम डब्यातल्या स्वतःच्या पानावरूनही बदलता येतात, आणि आंबोली घाटात दरड कोसळून केबल गेली त्या दिवशी हीच गोष्ट कामाला येते.

सोफोस एक्सजीएस हा मधला मार्ग. सोफोस सेंट्रलवरून व्यवस्थापन फुकट आहे, लोकल पान पूर्ण आहे, आणि सबस्क्रिप्शन संपले तरी मूळ फायरवॉल, राउटिंग, व्हीपीएन चालू राहतात. संगणकांवर सोफोसचाच अँटिव्हायरस असेल तर बाधित संगणकाला फायरवॉल आपणहून तोडतो, ही सोय दिखाऊ नाही. राज्यात सोफोस जाणणारे इंजिनीअर बऱ्यापैकी सापडतात. अहमदाबादची सायबरोम कंपनी सोफोसने २०१४ मध्ये घेतली, तेव्हाची जुनी मंडळी अजून या धंद्यात आहेत. सेटिंग बदलल्यावर ते लागू व्हायला लागणारा वेळ मात्र चिडचिड करायला लावतो.

जोडीला दुसरा डबा ठेवायचा झाला तर लायसन्सचा हिशेब तिघांचा वेगळा. मेराकीत जोडीला एकच लायसन्स पुरते. सोफोसच्या अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह जोडीत दुसऱ्याला वेगळे सबस्क्रिप्शन लागत नाही. फोर्टिगेटमध्ये दोन्ही डब्यांना लागते. ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी बदली डबा’ हे कलम मुंबई-पुण्यात ठीक. गुहागर नाहीतर वेंगुर्ल्यात कुरिअरला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून सुटा डबा कपाटात असणे इथे चैन नाही.

युबिक्विटी कंपनीच्या युनिफायचा क्लाउड गेटवे अल्ट्रा हॉटेलवाल्यांना आवडतो, आणि त्याचे कारण उघड आहे: वार्षिक लायसन्स नाही. कंट्रोलर डब्यातच, त्यामुळे नेट नसतानाही सगळे हाताशी. एक लॅन पोर्ट दुसऱ्या वॅनसाठी वळवता येतो. कागदावर आयपीएससह १ जीबीपीएस. पण धोके ओळखण्याच्या खुणांची (सिग्नेचरची) मोफत यादी पैसे भरून मिळणाऱ्या यादीइतकी भरघोस नसते, आणि अडचण आली तर फोनवर माणूस मिळेल या भरवशावर राहू नये. पतसंस्थेला हा सुचवणार नाही. टीपी-लिंक ओमाडाचा ईआर६०५ स्वस्त आणि काटक आहे, पण तो व्हीपीएन राउटर. त्याला फायरवॉल म्हणून विकणाऱ्याकडे दुसरे काही घेऊ नये.

व्हीलॅनच्या बाबतीत एक फरक डेटाशीटवर कुठेच दिसत नाही. मेराकी आणि युनिफाय दोघांतही नवी व्हीलॅन केली की ती बाकीच्या व्हीलॅनशी मुळातच बोलू शकते. अडवण्याचा नियम आपण घालायचा. फोर्टिगेटमध्ये उलट: परवानगी लिहीपर्यंत सगळे बंद. पाहुण्यांचे वायफाय, बिलिंगचे संगणक आणि सीसीटीव्ही अशा तीन व्हीलॅन करून ‘सुरक्षित झाले’ म्हणून निघून जाणारे पुष्कळ आहेत. पाहुण्याच्या फोनवरून डीव्हीआरचा (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंग यंत्राचा) पत्ता उघडून बघावा. लॉगिनचे पान आले तर काम अर्धेच झाले आहे.

आता जोडणी. डबा लावा, नेट मिळाले की क्लाउडवरून सेटिंग आपोआप उतरते, अशी जाहिरात सगळेच करतात. ते डीएचसीपीवर, म्हणजे पत्ता आपोआप मिळणाऱ्या लाइनवर, खरे. इथे बीएसएनएलच्या फायबरवर आणि बऱ्याच स्थानिक सेवादात्यांकडे पीपीपीओई असते. युजरनेम-पासवर्ड घातल्याशिवाय डबा क्लाउडपर्यंत पोचत नाही, आणि पोचल्याशिवाय सेटिंग मिळत नाही. यावर सोपा मार्ग: ओएनटी आधी राउटर मोडमध्येच ठेवून डबा त्यामागे लावावा, सेटिंग आणि फर्मवेअर उतरू द्यावे, मग पीपीपीओई डब्यात भरून ओएनटी ब्रिज मोडला (नुसती लाइन पुढे देण्याच्या मोडला) न्यावा. केबलवाल्याने जुन्या राउटरचा मॅक (यंत्राचा कायमचा क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. तो सोडवून घेण्यासाठी फोन आदल्या दिवशीच करावा, रविवारी कोणी उचलत नाही.

पीपीपीओईचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ बाइट. त्यावर आयपीसेक चढवला की पाकिटाला जागा आणखी कमी उरते. लक्षण ठरलेले: पिंग जातो, छोटी पाने उघडतात, पण शाखेतून टॅली किंवा मोठा रिपोर्ट मध्येच लटकतो. व्हीपीएनवर टीसीपी एमएसएस (पाकिटातल्या मजकुराची मर्यादा) १३५० ला बांधावा. आणि टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट बाहेर उघडून देणाऱ्या इंजिनीअरला दारातूनच परत पाठवावे.

डबा मरतो तो मात्र हॅकरमुळे कमी आणि विजेमुळे जास्त. मे अखेर आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात आवारात लावलेल्या कॅमेऱ्यांची तांब्याची केबल विजेचा झटका थेट आत आणते. बाहेरचे कॅमेरे वेगळ्या पीओई स्विचवर (केबलमधूनच वीज देणाऱ्या) ठेवून तो स्विच आणि फायरवॉल यांच्यामध्ये मीडिया कन्व्हर्टरची (तांब्याचा सिग्नल फायबरवर नेणाऱ्या यंत्रांची) जोडी आणि दोन मीटर फायबर घालावी. काचेतून झटका पुढे जात नाही. दोन्ही बाजूंची वीज वेगवेगळ्या बोर्डावरून घ्यावी, नाहीतर कन्व्हर्टरच्या अ‍ॅडॉप्टरमधून तो येतोच. फायबरच्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते. ती ओएनटीपर्यंत ओढून न आणता बाहेरच्या हुकालाच संपवावी.

खाऱ्या हवेत पंख्याचा डबा नको. बिनपंख्याची मॉडेले वरच्या सर्व कंपन्यांकडे आहेत, पण बंद कपाटात मे महिन्यात ४० अंशांची मर्यादा ओलांडली जाते, म्हणून कपाटाला वर-खाली जाळी हवी. मोकळ्या पोर्टांना टोप्या लावाव्यात. एखादा पोर्ट १००० ऐवजी १०० एमबीपीएस दाखवू लागला तर डब्याला दोष देण्याआधी कनेक्टर बघावा: चारपैकी एखादी जोडी गंजून सुटलेली असते.

क्लाउडवर विश्वास किती टाकावा, याचे उत्तर ताज्या घटनांतून मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये युबिक्विटीच्या क्लाउडमधल्या चुकीने काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांची उपकरणे आणि कॅमेरे दिसले. सोनिकवॉल या दुसऱ्या फायरवॉल कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये फायरवॉलचे क्लाउड बॅकअप परक्यांच्या हाती गेल्याचे सांगितले. आधी पाच टक्क्यांहून कमी म्हणाले, आणि ऑक्टोबरात क्लाउड बॅकअप वापरणाऱ्या सर्वांचे. तेव्हा पोर्टलवर दोन टप्प्यांचे लॉगिन सक्तीचे करावे, वॅनवरून अ‍ॅडमिन पान बंद ठेवावे आणि बॅकअप आपल्याकडेही पासवर्ड घालून ठेवावा.

लॉगचा हिशेब बहुतेक डीलर टाळतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवावे लागते. फोर्टिगेट क्लाउडचा मोफत साठा सात दिवसांचा, सोफोस सेंट्रलचाही सातच. फोर्टिगेटचे सबस्क्रिप्शन घेतल्यास वर्षभर. मेराकीत सविस्तर नोंदी ठेवायच्या तर सिसलॉग सर्व्हर (नोंदी साठवणारा संगणक) लागतोच. कार्यालयातला एखादा जुना संगणक लिनक्स घालून त्या कामाला पुरतो, फक्त तो यूपीएसवर असावा आणि तळमजल्यावर नसावा. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना हे सांगायला नको.

शेवटी खाते कोणाच्या नावावर, हे. डीलर सोयीसाठी डबा स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. पुढे तो धंदा सोडतो आणि डबा त्याच्या ताब्यातून सुटेपर्यंत दुसऱ्या खात्यात घेता येत नाही. संस्थेच्या डोमेनवरचा ईमेल आधी तयार ठेवावा, बिलावर सिरीयल नंबर, लायसन्सची शेवटची तारीख आणि तिसऱ्या वर्षानंतरच्या नूतनीकरणाचा भाव लिहून घ्यावा, आणि डबा आपल्या खात्यात दिसेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.