वर्षभराची जंतमुक्ती: २३ शेळ्या, ३९,३९० रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बारावी सायन्स झालोय, नऊ वर्षं उस्मानाबादी शेळ्या सांभाळतोय. तरी फसलो. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आषाढात गावात जंताचं औषध विकणाऱ्याची पांढरी जीप आली. अंगात एप्रन, गळ्यात ओळखपत्र, तोंडात सारखं "दादा, दादा". पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे: देवळापुढं दोन शेळ्यांना फुकट, मग घरोघरी "आज शेवटचा दिवस". एकदाच पाजायचं, वर्षभर जंत नाहीत, वर हमी कार्ड. शेळीमागं २२० प्रमाणे २३ शेळ्यांचे ५,०६० झाले. सोबत टॉनिकचे दोन कॅन, ९४० ला एक. एकूण ६,९४०, रोख. त्या आठवड्यात सोयाबीनची फवारणी, पोरीची फी, डोकं ठिकाणावर नव्हतं. तालुक्याचा दवाखाना अठरा किलोमीटर. माणूस दारात आल्यावर कोण नाही म्हणतं?

आता जे आठवलं की झोप उडते, ते सांगतो. पाजून झालं, चहा घेता घेता त्यानं काठीनं लेंड्या उकरल्या आणि तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे तुकडे दाखवले. "बघा, पडायला लागले." पाजून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती! औषध पहिल्या पोटातून पुढं तरी सरकलं असेल का? ते तुकडे पट्टकृमीचे, आदल्या दिवशीही पडतच असणार. शेळी मारणारा जंत वेगळाच. तो चौथ्या पोटात चिकटून रक्त पितो, लेंडीत डोळ्यांना दिसत नाही. हे मला नंतर कळलं, मान्य. पण दहा मिनिटांचा हिशोब तर तेव्हाही येत होता ना? चाळीस किलोच्या बोकडाला आणि सहा किलोच्या करडाला एकच माप. गाभण कोणती, हेही विचारलं नाही. बायको म्हणाली, "ह्याला गुळाच्या पाण्याचा वास येतोय." मी तिच्यावरच खेकसलो.

श्रावणात पावसानं धरलं आणि शेळ्या मागं पडायला लागल्या. हगवण नाही, त्यामुळं जंताचा संशय नाही. यावा कसा, कार्ड खुंटीला टांगलेलं! जबड्याखाली पाणी उतरलं तेव्हा मला घटसर्प, म्हणजे गळा सुजण्याचा रोग वाटला. इंजेक्शनात २,४५० गेले. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या धनगरानं पापणी ओढून दाखवली. कागदासारखी पांढरीफट, जंतांनी रक्त पिऊन टाकलेलं. एवढं तरी शिकून ठेवा: पापणी आतून लाल हवी. पांढरी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तोवर एक गाभण शेळी गेली (११,०००), दोन पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या (१३,०००), दोन करडं (६,०००). उरलेल्यांना डॉक्टरला विचारून, वजन करून, खरं औषध पाजलं. ३१० रुपयांत सगळा कळप झाला. तीनशे दहा!

मग तक्रार. दवाखान्यात लेंड्यांचा डबा घेऊन गेलो, तर तपासणारा रजेवर. दुसऱ्यांदा गेलो, तर नमुना शिळा. नुकसानीचा दाखला मागितला तर म्हणे शवविच्छेदन कुठंय, मेलेली शेळी पुरली कशाला? चार दिवस घरात ठेवायची होती का? तिथून औषधांच्या कार्यालयात पाठवलं. तिथं सीलबंद बाटली मागितली. अहो, ती त्यानंच फोडली आणि रिकामी बरोबर नेली! शिवाय "हे जनावरांचं, तुमच्या दवाखान्याचं काम." पोलिस चौकीत अर्ज घेतला, पोच दिली नाही. "शेळ्यांचं काय घेऊन बसलात?" पाच हेलपाटे, प्रत्येक वेळी दिवसाची मजुरी बुडाली. ती वरच्या हिशोबात धरलेलीच नाही.

बाटलीवर घटक, बॅच नंबर, लायसन्स नंबर नसेल तर माणूस दारातून हाकला. पक्की पावती घ्या, रिकामी बाटली ठेवून घ्या. वर्षभर पुरणारा ढोस नसतो, पाजलेल्या शेळीला ओल्या गवतातून पुन्हा जंत होतात. दव असेपर्यंत चरायला सोडू नका. नुकत्याच गाभण गेलेल्या शेळीला अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊ नका. आणि मी केला नाही तो फोन तुम्ही करा, जनावरांच्या मदतीचा नंबर १९६२.

हे लिहिणार नव्हतो. पण परवा मेव्हण्याचा फोन आला, त्यांच्या गावात जीप आली होती. त्यानं १४ शेळ्यांचे ३,०८० भरले. लाजेपायी मी घरात कुणालाच बोललो नव्हतो.