वायरवाला रिमोट शटर (कॅमेऱ्याला हात न लावता फोटो काढायचं बटण), पावसाळाभर ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात वापरून

ठाण्यात गोखले रोडजवळच्या एका छोट्या दुकानातनं साडेचारशेला घेतला, माझ्या कॅनन ८०डी या डीएसएलआर कॅमेऱ्याला चालतो तो बारीक २.५ एमएम पिनवाला. ५ पैकी साडेतीन स्टार देतोय आणि उरलेले दीड कुठे गेले तेही सांगतो.

दुकानातले काका म्हणाले ट्रायपॉड आहे ना, मग हा लावा, फोटो हलणारच नाही. मलाही तेच वाटत होतं. पहिल्याच रविवारी पाटोणपाड्याच्या बाजूला एका कुजक्या ओंडक्यावर नखाएवढ्या पांढऱ्या कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या दिसल्या, पावसाळी अंधार, १०० एमएम मॅक्रो म्हणजे जवळून बारीक काढायची लेन्स, एफ ११, आयएसओ २००, शटर उघडा राहायचा वेळ आला १/८ सेकंद. घरी येऊन मोठा करून बघितला तर छत्रीखालच्या झालरीच्या प्रत्येक रेषेला बाजूला एक पुसट रेष चिकटलेली. वारा अजिबात नव्हता, कॅमेऱ्याला बोट लागलं नव्हतं, मग हललं कोण? तर आतला आरसा. डीएसएलआरमधे शटर उघडायच्या आधी तो आरसा खाडकन वर आपटतो आणि त्याचा हादरा विरायच्या आत फोटो निघून जातो. साधारण १/४ ते १/३० सेकंदाच्या आसपास हे जास्त दिसतं. म्हणूनच नवी मुंबईत टीएस चाणक्यजवळच्या पाणथळीत फ्लेमिंगो १/१००० वर काढताना मला हे कधी जाणवलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मेनूत जाऊन मिरर लॉकअप चालू केला. आता रिमोट एकदा दाबला की आरसा वर जातो, व्ह्यूफाइंडर काळा होतो, मी मनात तीन आकडे मोजतो आणि परत दाबतो, तेव्हा फोटो निघतो. तोच ओंडका, तसाच अंधार आणि झालर अशी कापल्यासारखी स्वच्छ आली की खरंच अंगावर काटा आला. फक्त ३० सेकंदांत दुसऱ्यांदा दाबलं नाही तर आरसा आपोआप खाली येतो, वारा थांबायची वाट बघताना माझं असं दोनदा झालं.

लाइव्ह व्ह्यूमधे, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, आरसा आधीच वर असतो त्यामुळे तिथे लॉकअपची गरज नाही, नुसता रिमोट पुरतो. पण बॅटरी भराभर उतरते आणि येऊरला चार्ज कुठे करणार.

आता तक्रार. बटणाचा अर्धा दाब (फोकससाठी) आणि पूर्ण दाब (फोटोसाठी) यातला फरक बोटाला नीट कळत नाही, तिथे सुरुवातीला बरेच फोटो वाया गेले. वायर जेमतेम हातभर, जमिनीलगत ट्रायपॉड असला की चिखलात बसावंच लागतं. आणि तिसऱ्या आठवड्यात पिन ढिली पडली, फोकस व्हायचा पण शटर पडायचा नाही. काकांनी काही न विचारता बदलून दिला, दुसरा पीस अजून तरी व्यवस्थित आहे. तेवढ्यात रिमोटशिवाय जायची वेळ आली तेव्हा लॉकअपसोबत २ सेकंदांचा टायमर लावून काम भागवलं, ८०डीवर तेही छान जमतं, त्यामुळे नुसतं करून बघायचं असेल तर आधी ते फुकटात करा आणि मग साडेचारशे घाला.