बर्फ वितळल्यावर दारात आलेला रूफवाला

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की मला हे लिहावंसं वाटतं आणि राहून जातं, यंदा लिहूनच टाकते. बॉस्टनच्या आसपास नवीन घर घेतलेल्यांनी तर वाचाच.

२०१५ चा हिवाळा इथला कुणीच विसरला नसेल. बॉस्टनला त्या सीझनला ११०.६ इंच बर्फ पडला, नऊ फुटांच्या वर, आणि त्यातला बहुतेक जानेवारीच्या शेवटापासून महिनाभरात. आम्ही फ्रेमिंगहॅमजवळ राहतो, घर घेऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालेलं. फेब्रुवारीत छताच्या कडेला हे जाडजूड आईस डॅम (बर्फाचे बांध) झाले आणि एका रात्री बेडरूमच्या सीलिंगमधून पाणी ठिबकायला लागलं, आम्ही पातेली-बादल्या लावून बसलो. एप्रिलमध्ये बर्फ गेला तेव्हा सीलिंगवर परातीएवढा पिवळा डाग, एक गटर लोंबतंय, ड्राईव्हवेला भेगा, म्हणजे कामांची यादीच. आणि त्या वर्षी चांगले रूफर (छपराची कामं करणारे) फोनच उचलत नव्हते, उचललाच तर जुलैची तारीख देत होते.

नेमका अशा वेळी एक माणूस दारात आला. पिकअप ट्रक, वर शिडी, शर्टावर कंपनीचं नाव, बोलायला इतका चांगला. म्हणाला मागच्या गल्लीत काम चालू आहे, जाताना तुमच्या शिंगल्स (छपरावरच्या पट्ट्या) उचकटलेल्या दिसल्या, फुकट बघून देतो. दहा मिनिटं वर होता, खाली येऊन फोनवर फोटो दाखवले, तुटलेल्या शिंगल्स, खालचं लाकूड काळं पडलेलं. मी घाबरले. आई तेव्हा नाशिकहून आलेली होती, ती हळूच म्हणाली, "अगं, तो वर काहीतरी ठोकत होता, बघायला गेलेला माणूस ठोकेल कशाला?" मी म्हटलं आई तुला इथलं माहीत नाही. ते वाक्य मला आजही टोचतं. आणि ते फोटो मी नंतर नीट बघितले तर त्यातल्या दोन फोटोंत शिंगल्स तपकिरी आहेत, आमचं छप्पर करड्या रंगाचं आहे.

८,४०० डॉलर सांगितले, अर्धे आधी, मटेरियल आजच ऑर्डर केलं तर पुढच्या आठवड्यात काम, नाहीतर ऑगस्ट. ४,२०० चा चेक दिला. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा आहे की असल्या कामाला एक तृतीयांशापेक्षा जास्त ॲडव्हान्स मागता येत नाही (खास ऑर्डर करून आणायच्या सामानाचा अपवाद आहे, पण साध्या शिंगल्स त्यात कुठून येणार), म्हणजे २,८०० च्या वर मागितले तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मला हा नियमच माहीत नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. तो म्हणाला टाऊनची परमिट (कामाची परवानगी) तुम्हीच घरमालक म्हणून काढा, स्वस्त पडतं, लवकर मिळते. मी गेले, माझ्या नावावर काढली. नंतर कळलं की राज्याकडे रजिस्टर्ड असलेल्या कॉन्ट्रॅक्टरने बुडवलं तर नुकसानभरपाईसाठी राज्याचा गॅरंटी फंड असतो, पण परमिट घरमालकाने स्वतः काढली की त्या फंडाचा आणि त्यांच्या आर्बिट्रेशनचा (कोर्टाबाहेरच्या लवादाचा) दरवाजा बंद. कॉन्ट्रॅक्टर रजिस्टर्ड नसेल तरीही बंद. आणि त्याच्या कार्डावरचा रजिस्ट्रेशन नंबर मी राज्याच्या वेबसाईटवर टाकून बघितला, तो भलत्याच माणसाचा निघाला, दोन मिनिटांचं काम होतं, चेक द्यायच्या आधी केलं असतं तर बास होतं.

काम म्हणाल तर दोन मुलं आली, कडेच्या दोन ओळी शिंगल्स बदलल्या, चिमणीभोवती काळं डांबर फासलं आणि दुपारी तीनला गेली ती गेलीच. आठवडाभर फोनवर "उद्या येतो, परवा येतो", मग फोनच बंद. जूनच्या पावसात तोच डाग परत ओला झाला. पोलिसात तक्रार दिली, स्मॉल क्लेम्सला (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात) जायचं ठरवलं कारण तिथे ७,००० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय जाता येतं, पण पत्ता म्हणजे नुसता भाड्याचा मेलबॉक्स, पाठवलेलं पत्र परत आलं. पैसे गेले.

नंतर मास सेव्हचा (इथली घरातली ऊर्जा वाचवायची स्कीम) माणूस घराची तपासणी करून गेला, त्याला काही पैसे पडत नाहीत, आणि तो छपरावर चढलाच नाही, सरळ ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) गेला. तिथे चार इंच जुनं दबलेलं इन्सुलेशन, बाथरूमच्या पंख्याची गरम वाफ बाहेर न जाता तिथेच सोडलेली, आणि कडेचे हवा यायचे व्हेंट बुजलेले. घरातली ऊब वर जाते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी कडेला येऊन परत गोठतं कारण तिथे खाली ऊब नसते, बांध तयार होतो आणि मागचं तुंबलेलं पाणी शिंगल्सच्या खाली शिरतं. म्हणजे ८,४०० चं अख्खं काम झालं असतं तरी मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. इन्सुलेशनच्या खर्चातले ७५ टक्के त्या स्कीममधून मिळाले. चिमणीजवळ एक फ्लॅशिंगचा पत्रा (सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून लावतात तो) सैल होता तो एका रजिस्टर्ड रूफरने, स्वतः परमिट काढून, लेखी कॉन्ट्रॅक्ट देऊन बसवला.

लाज वाटत होती तरी जूनमध्येच एका मंगळवारी मी आमच्या मराठी ग्रुपवर हे सगळं लिहिलं, त्या ट्रकच्या वर्णनासकट. संध्याकाळी शेजारच्या टाऊनमधून एका ताईंचा फोन, त्यांच्याकडे शनिवारी तसाच माणूस येऊन सही आणि चेक घेऊन गेला होता. दारात येऊन केलेला असा व्यवहार तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येतो, रविवार धरत नाहीत, म्हणजे बुधवारी रात्रीपर्यंत वेळ होता. आम्ही दोघी फोनवरच पत्र लिहायला बसलो. बुधवारी सकाळी पोस्ट ऑफिस उघडल्या उघडल्या त्यांनी ते सर्टिफाईड मेलने (पाठवल्याची पावती मिळते त्या पोस्टाने) पाठवलं, बँकेत जाऊन चेक थांबवला, आणि दुपारी मला पावतीचा फोटो आला.